'रन'चे सगळे अर्थ पाठ कसे करायचे? आधी पाठ करणं थांबव

प्रश्न शहाद्याकडच्या एका मुलाचा आहे, बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय. थोडक्यात असा: "रन या एका शब्दाला इंग्रजीत ६४५ अर्थ आहेत असं वाचलं. मी डिक्शनरीतून सत्तर उतरवून पाठ केले. तरी सराव पेपरमधे 'द एक्सपेन्सेस रॅन इन्टु लॅक्स' आलं आणि मी 'खर्च लाखांत पळाला' असं काहीतरी समजून चुकीच्या पर्यायावर टिक केलं. लक्षात ठेवायची काही ट्रिक आहे का? कोणाकडे पूर्ण यादी असेल तर द्या."

भाऊ, तू माझ्या विद्यार्थ्यांएवढाच असशील म्हणून तू म्हणतेय, राग मानू नको. मी भुसावळची. वीस-बावीस वर्षं झाली इंग्रजी शिकवतेय आणि सोबत भाषांतराची कामं करते, मॅन्युअल, माहितीपत्रकं, कोर्टाचे कागद, जे येईल ते. यादी माझ्याकडे नाही आणि असती तरी तुला दिली नसती, कारण तुझी अडचण यादी छोटी पडली ही नाहीच. तुझ्या डोक्यात पहिलीपासून 'रन म्हणजे पळणे' हा खिळा ठोकलेला आहे आणि बाकीचे सत्तर अर्थ तू त्या खिळ्याला पिशव्यांसारखे अडकवलेत. परीक्षेत घड्याळ पुढे सरकत असतं, तेव्हा हात पिशवीकडे जात नाही, सरळ खिळ्यालाच लागतो. म्हणून खर्च पळाला.

आधी ते ६४५ चं बघू, कारण हा आकडा मुलांना उगाच घाबरवतो. आकडा खोटा नाही. ती मोठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी आहे ना, तिच्या १९८९ च्या वीस खंडांच्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती, नुसत्या क्रियापदाचे चारशे तीसेक अर्थ आणि सगळी नोंद मिळून साधारण ६०,००० शब्द. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी नव्याने तपासायला घेतल्या तेव्हा २००० मधे 'मेक' पुढे गेला, २००७ मधे 'पुट', आणि २०११ मधे 'रन' सगळ्यांच्या पुढे, क्रियापदाचे ६४५ अर्थ. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाने या एका क्रियापदावर नऊ महिने काम केलं. पण ही डिक्शनरी म्हणजे भाषेचा जन्म-मृत्यू दाखला ठेवणारं ऑफिस आहे, अर्थ वापरातून गेला तरी नोंद काढत नाहीत. त्यात जहाजावरचे अर्थ आहेत, खाणीतले आहेत, चारशे वर्षांपूर्वी बंद पडलेलेही आहेत. लंडनमधे जन्मलेल्या माणसालाही यातले निम्मे सांगता येणार नाहीत. शिवाय अर्थ मोजायचे कसे हे मोजणाऱ्यावर असतं, नाक वाहतं आणि नळ वाहतो हे एकाला दोन अर्थ वाटतील, दुसऱ्याला एकच.

आणि आपल्याकडे काय कमी आहे का. 'लागणे' घे. भूक लागली, पाऊस लागला, ठेच लागली, नोकरी लागली, निकाल लागला, लग्न लागलं, झोप लागली, दिवा लागला, वेळ लागला, भाजी खारट लागली, वाट लागली. 'गाडी लागली' याचेच दोन आहेत, एक म्हणजे एसटी फलाटाला लागली आणि दुसरं म्हणजे पोरीला गाडी लागली, लवकर पिशवी काढा. शहाद्याहून तोरणमाळच्या घाटात जाशील तर एकाच प्रवासात दोन्ही अर्थ भेटतील. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी डिक्शनरीची १८५७ ची दुसरी आवृत्ती नेटवर फुकट बघायला मिळते, त्यात 'लागणें' काढून बघ, त्या साहेबाची काय दमछाक झाली असेल ते कळेल. तुझ्या आजीला यातला एकही अर्थ कोणी पाठ करायला दिला नव्हता, तिला 'लागणे' म्हणजे काहीतरी येऊन भिडणे, चिकटणे ही एक जाणीव आहे आणि बाकीचं वाक्यातली सोबत बघून कळतं. रनचंही तेच करायचंय, भिंग उलटं धरून.

पुढे जायच्या आधी एक कबूल करते. तुला रन कशासाठी पाहिजे त्यावर उत्तर थोडं बदलतं. बँकेच्या परीक्षेत रिकाम्या जागा भरायच्या आणि शब्दाचा वापर बरोबर की चूक सांगायचं असतं, तिथे ओळखता आलं की झालं. बोलायचं असेल तर दहा-बारा वापर तोंडात बसले की पुष्कळ. भाषांतर करायचं असेल तर मात्र प्रत्येक वेळी थांबून मराठीत इथे नेमकं काय म्हणतात हे शोधावं लागतं, आणि ते बावीस वर्षांनीही मला शोधावं लागतं. मी तिन्हीला चालेल असं सांगते, पण तुझ्या परीक्षेच्या पॅटर्नचं अगदी नक्की तू स्वतः बघून घे, तो मधेमधे बदलत असतो.

तर मुख्य गोष्ट. रनचं मूळ पळणं एवढंच नाही, वाहणंही आहे. जर्मन ही इंग्रजीची चुलत बहीण, तिच्यात आजही दोन वेगळी क्रियापदं आहेत, 'रिनन' म्हणजे वाहणे, झिरपणे आणि 'रेनन' म्हणजे पळणे. इंग्रजीत दोघींचं काम एकट्या रनच्या अंगावर येऊन पडलं. म्हणून पायांचा विचार सोड. रन म्हणजे एखादी गोष्ट आपल्या वाटेने, न थांबता, सलग पुढे जात राहणे. पाणी जातं तसं. आता बघ, 'हिज नोज इज रनिंग', नाक वाहतंय. 'द टॅप इज रनिंग', नळ चालू राहिलाय. 'टिअर्स रॅन', पाणी आलं डोळ्यांतून. नवीन साडीच्या लेबलवर लिहिलेलं असतं 'कलर्स मे रन', म्हणजे धुताना रंग पाण्यासोबत निघून दुसऱ्या कपड्याला लागेल. क्लासमधे एका मुलीने याचं 'रंग उडून जाईल' केलं होतं, ते जवळचं आहे पण बरोबर नाही, रंग उडणं म्हणजे उन्हाने फिका पडणं, आणि इथे आईच्या लाल साडीमुळे वडिलांचा पांढरा शर्ट गुलाबी होणार आहे. (आणि बघ, 'लागणे' परत आलंच.)

पाण्यासारखं सलग जाणारं दुसरं काय असतं? रस्ता. 'द रोड रन्स अलाँग द तापी', रस्ता तापीच्या काठाने जातो. रस्ता काही उठून जात नाही, पण मराठीतही तो 'जातो'च, म्हणजे हा विचार आपल्याला परका नाही. डोंगराची रांग, 'द सातपुडा रन्स ईस्ट टु वेस्ट', सातपुडा पूर्व-पश्चिम पसरलाय. मग काळ, करार २०३० पर्यंत 'रन' होतो म्हणजे तोपर्यंत लागू आहे. रक्त, 'डायबेटिस रन्स इन द फॅमिली', शुगर घराण्यात आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय.

आता हा 'चालत' शब्द पकडून ठेव, कारण माझं सगळं उत्तर यावरच उभं आहे. इंग्रजी जिथे पळते तिथे मराठी बहुतेक वेळा चालते. घड्याळ, दुकान, मशीन, सिनेमा, क्लास, कोर्टातली केस, घर, सरकार, कॉम्प्युटरमधला प्रोग्राम. यातलं इंग्रजीत सगळं रन होतं आणि मराठीत सगळं चालतं. 'शी रन्स अ मेस', ती मेस चालवते. 'द फिल्म रॅन फॉर ट्वेंटी-फाइव्ह वीक्स', सिनेमा पंचवीस आठवडे चालला. यंत्रं आली, गिरण्या आल्या, इंजिनं आली, मागून कॉम्प्युटर आले, आणि प्रत्येकाच्या चालण्यासाठी इंग्रजीने नवा शब्द न घडवता रनलाच जुंपलं, त्याचे अर्थ इतके फुगले त्याचं एक मोठं कारण हेच मानतात. आपण तेच काम 'चालणे'ला दिलं. म्हणजे तुझ्या डोक्यातला खिळा उपटायचा आणि तिथे 'रन म्हणजे चालणे, वाहणे' हा ठोकायचा, पळणे हा त्याचा एक प्रकार, माणसाच्या आणि जनावराच्या पायांपुरता. माझ्या अंदाजाने तुझ्या सत्तरपैकी अर्धे अर्थ याच्यातच मोकळे होतील.

हे मला कसं कळलं तर स्वतः तोंडावर पडून. सुरुवातीची गोष्ट आहे, शेतातल्या पंपाचं एक माहितीपत्रक मराठीत करायला मिळालं. पानाला पैसे, आणि मला घाई. त्यात सूचना होती 'डू नॉट रन द पंप ड्राय'. मी केलं 'पंप सुका पळवू नये'. छापूनही आलं ते, पिवळ्या चौकटीत, वर विजेचा झटका बसलेल्या माणसाचं चित्र. पुढे अमळनेरकडे एका दुकानात गेले होते, काउंटरवर तेच पत्रक, आणि एक काका चष्मा कपाळावर ढकलून ते वाचत होते. दुकानदाराने कौतुकाने सांगितलं की हे या ताईंनीच लिहिलंय. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "ओ ताई, पंपले पाय शेतस का?" अहिराणीत, म्हणजे पंपाला पाय आहेत का? दुकानातले सगळे हसले, मीही हसले, पण घरी येईपर्यंत कान गरम होते. वाक्य साधं होतं, 'पाणी नसताना पंप चालवू नका'. आणि ही काही सजावटीची सूचना नव्हती, विहिरीत पाणी खाली गेलेलं असताना पंप चालू राहिला तर आतले बुश, सील जळतात, मोटर खोलावी लागते, हजारोंचा खर्च. त्या काकांना ते आधीच माहीत होतं म्हणून ते हसू शकले. 'रन' आणि 'ड्राय' हे दोन शब्द मी सुटे सुटे वाचले होते. तीच जोडी विहिरीसाठी आली की अर्थ आणखी वेगळा होतो, 'द वेल हॅज रन ड्राय' म्हणजे विहीर आटली. पंपाला कोणीतरी चालवतं, विहीर आपली आपण आटते.

इथून माझी पद्धत सुरू झाली. रन दिसला की रनकडे बघायचंच नाही. आधी बघायचं रन कोण करतंय किंवा काय रन होतंय, मग बघायचं रनच्या लगेच मागे कोणता छोटा शब्द उभा आहे, आउट, इन्टु, ओव्हर, डाउन, अप. या दोन टोकांमधे रन आपोआप दाबला जातो आणि अर्थ बाहेर येतो.

आउट घे. वाहून बाहेर गेलं, म्हणजे संपलं. 'वी हॅव रन आउट ऑफ शुगर', घरातली साखर संपली. इथे आपली मुलं हमखास एक चूक करतात, मराठीत संपते साखर, इंग्रजीत रन आउट होतो माणूस. म्हणून मुलं 'माय पेट्रोल इज फिनिश्ड' म्हणतात, समोरच्याला कळतं, पण पेपरात मार्क जातात. 'आय हॅव रन आउट ऑफ पेट्रोल' किंवा सरळ 'द पेट्रोल हॅज रन आउट', दोन्ही चालतं. क्रिकेटमधला रन आउट वेगळा, त्याची आठवण इथे आली तर तिला बाहेर काढ. तसं क्रिकेटचा रनही गमतीचा आहे, चौकार मारल्यावर कोणी पळत नाही, बॅट्समन हातमोजे नीट करत उभा असतो आणि पाटीवर चार रन चढतात. पळण्याचा शब्द मोजण्याचा शब्द झाला. मराठीत आपण 'धावा' म्हणतो, आणि धावा देवाचाही करतात, शेवटच्या ओव्हरला घराघरात दोन्ही सोबत चालू असतात.

इन्टु म्हणजे जाऊन भिडणे. जुना मित्र बाजारात अचानक भेटला तर 'आय रॅन इन्टु हिम', गाडी झाडावर आदळली तर 'द कार रॅन इन्टु अ ट्री', अडचण आली तर 'रॅन इन्टु ट्रबल'. तिन्हीत ठरवून काही नाही, जाता जाता समोर आलं. आता तुझं वाक्य बघ, 'द एक्सपेन्सेस रॅन इन्टु लॅक्स'. खर्च वाढत वाढत लाखाला जाऊन भिडला. आणि मराठीत आपण काय म्हणतो? 'खर्च लाखांत गेला.' रस्ता जातो तसा. तुझ्याकडे हे वाक्य आधीपासून होतं भाऊ, कोणत्याही लग्नघरात ऐकलं असशील, तू फक्त पळण्याच्या नादात ते वापरलं नाहीस.

ओव्हर जरा फसवा आहे. कुत्रं गाडीखाली आलं तरी रन ओव्हर, मीटिंग वेळेच्या पुढे लांबली तरी रन ओव्हर, भांडं काठोकाठ भरून सांडलं तरी, आणि 'लेट अस रन ओव्हर द पॉइंट्स' म्हणजे मुद्द्यांवरून एकदा नजर फिरवू. इथे 'कोण' हे बघितल्याशिवाय इलाज नाही. डाउन, अप हे आठवड्याभरात होतील: बॅटरी रन डाउन म्हणजे उतरली, बिल रन अप केलं म्हणजे उधारी चढवली. मराठीतही उतरते आणि चढतेच, त्यामुळे त्यांना वेळ घालवू नको.

आता जिथे माझा नियम लंगडतो ते पण सांगते, नाहीतर उद्या तूच मला पकडशील. रेल्वे. 'द ट्रेन इज रनिंग लेट.' स्टेशनवर हिंदीत घोषणा होते 'देरी से चल रही है', पण मराठी पेपरात बातमी येते 'गाड्या उशिराने धावत आहेत'. म्हणजे हिंदीत ती चालते, मराठीत धावते, आणि फलाटावरच्या माणसाच्या दृष्टीने ती जागची हलत नाही. धावते हे इंग्रजीवरून आलं असेल का, तर मला पक्कं सांगता येणार नाही, पण आता ते मराठीच झालंय, त्याला चूक म्हणायचं कारण नाही. माझे वडील गार्ड होते, आता २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. ते ड्यूटीवरून येताना सांगायचे, "रनिंग रूमला होतो." मला लहानपणी वाटायचं तिथे सगळे गार्ड-ड्रायव्हर पळायची प्रॅक्टिस करतात, कारण ते इतके दमून यायचे. सातवी-आठवीत असताना एकदा ती इमारत आतून बघितली. ओळीने खाटा, पडदे ओढलेले, कोपऱ्यात जेवणाचे डबे, आणि भिंतीवर शांतता पाळा. सगळ्या रेल्वेत जिथे कोणी हलतसुद्धा नाही त्या खोलीचं नाव रनिंग रूम. गाडीसोबत जाणारा तो रनिंग स्टाफ, त्याची आराम करायची जागा ती रनिंग रूम, आणि किलोमीटरच्या हिशोबाने मिळतो तो रनिंग अलाउन्स. ज्या रुळांवरून गाड्या येतात-जातात ती रनिंग लाइन, आणि डबे उभे करून ठेवायची ती सायडिंग.

आणि रेल्वे सोड, तू स्वतः रोज रन वापरतोस, तुला कळत नाही एवढंच. जुनी बाइक घ्यायला गेलास की पहिला प्रश्न काय, रनिंग किती झालंय? म्हणजे किती किलोमीटर. ओट्याचा ग्रॅनाइट लावणारा रेट सांगतो रनिंग फुटाने, म्हणजे रुंदी सोड, सलग लांबी मोज. कॉन्ट्रॅक्टर काम अर्धं झाल्यावर रनिंग बिल टाकतो, काम चालू आहे तोवरचं बिल. मोटर विकायची असेल तर 'रनिंग कंडिशनमधे'. शाळेत बाई म्हणायच्या रनिंग लेटर्स काढ, अक्षराला अक्षर जोडून, पेन न उचलता. या सगळ्यात एकही पळत नाही. सगळ्यात काय आहे? सलग, न तुटता, चालू. हे पाच अर्थ तुला फुकटात येतात, त्यांना वहीत पहिल्या पानावर लिही.

थोडं विषयांतर, पण मला आवडतं म्हणून. आपल्या 'धाव'नेही रनसारखाच संसार मांडलाय. शिवणातला धावदोरा म्हणजे अगदी इंग्रजीतला रनिंग स्टिच, सुई न थांबता पुढे पुढे. धावतं समालोचन, विमानाची धावपट्टी. आणि विहिरीवर मोट होती तेव्हा बैल ज्या उतारावरून दोर ओढत जायचे त्या उताराला 'धाव'च म्हणायचे. माझ्या मामांच्या वावरात ती जागा अजून आहे, मोट जाऊन दोन पिढ्या झाल्या, आता तिथे कडबा रचतात, पण नाव धावच. इंग्रजीत कोंबड्यांना फिरायला जाळी लावून जागा करतात तिला 'चिकन रन' म्हणतात, बर्फावर घसरायच्या उताराला 'स्की रन'. कामावरून कामाच्या जागेला नाव पडणं, अगदी मोटेच्या धावेसारखं. चाकाला बसवतात त्या लोखंडी पट्टीलाही धाव म्हणतात, ते वेगळंच. आणि कधी आपण इंग्रजीच्या पुढे पळतो, आपली 'धावती भेट' इंग्रजीत 'फ्लाइंग व्हिजिट' होते, म्हणजे आपण धावतो आणि ते उडतात.

निवडणुकीतला रन लिहिला नाही तर सराव पेपर काढणारे सर माझ्यावर रागावतील. अमेरिकेत उमेदवार 'रन्स फॉर प्रेसिडेंट'. ब्रिटनमधे तोच उमेदवार 'स्टँड्स फॉर इलेक्शन'. एक पळतो, एक उभा राहतो, काम एकच. आपण ब्रिटिशांच्या बाजूने, आपला उमेदवार उभाच राहतो. पुढे त्याला कोणी बसवतं, नाही बसला तर पडतो, नाहीतर निवडून येतो, ग्रामपंचायतीच्या वॉर्डात या सगळ्या कसरती आठवड्याभरात होतात. आपल्याकडचे इंग्रजी पेपर बहुतेक 'कंटेस्ट' लिहितात, म्हणून वाचताना रन दिसला की बातमी अमेरिकेकडची असेल असा अंदाज करता येतो.

काही वापर मात्र कोणत्याच पद्धतीत बसत नाहीत, ते सरळ तसेच घ्यायचे. 'रन अ फीवर' म्हणजे ताप असणे. 'रन अ रिस्क', धोका पत्करणे. 'इन द लाँग रन', लांबचा विचार केला तर. 'थ्री डेज रनिंग', सलग तीन दिवस, हा परीक्षेत आवडीने विचारतात कारण इथे रनिंग दिवसांच्या मागे येतो आणि मुलं वाक्य अर्धवट राहिलं समजतात. 'अ रन ऑन द बँक', बँक बुडणार अशी हूल उठली की खातेदार एकदम पैसे काढायला येतात ते, बँकेत जायचंय तर हा तुला माहीत पाहिजेच. आणि 'द रन्स' असं 'द' लावून अनेकवचनात आलं तर पोट बिघडलंय, जुलाब. मुलाखतीत 'आय स्कोअर्ड द रन्स' वगैरे म्हणू नको.

आता वहीचं. ते सत्तर अर्थांचं पान फाडू नको, पण मिटून ठेव. नवीन पान घे, त्यावर इंग्रजी अर्थ लिहायचेच नाहीत. वर मराठी क्रियापद लिही, एका पानावर 'चालणे/चालवणे', एकावर 'वाहणे', एकावर 'जाणे, पसरणे', एकावर 'संपणे, आटणे', एकावर 'भिडणे', आणि मागचं एक पान 'हट्टी', जे कुठेच बसत नाहीत त्यांच्यासाठी. वाचताना रन भेटला की अख्खं वाक्य त्या त्या पानावर उतरव, सुटा शब्द नाही. दिवसाला दोन मिळाले तरी खूप. माझ्या अनुभवात महिना-दीड महिन्यात मुलांची पानं भरायची थांबतात, म्हणजे तेच तेच येऊ लागतं, आणि हट्टी पानावर पंधरा-वीसच्या वर वाक्यं जात नाहीत. परीक्षा पंधरा दिवसांवर असेल तर एवढं जमणार नाही, मग फक्त आउट, इन्टु, ओव्हर आणि हट्टी पान कर. 'गेट', 'टेक', 'सेट' यांना पण हीच वही चालते, पण रन संपायच्या आधी त्यांना हात लावू नको, सगळं एकत्र केलं की खिचडी होते, मी एका बॅचला चारही सोबत दिले होते आणि पोरांनी 'टेक आउट ऑफ शुगर' लिहून ठेवलं.

पुढच्या वेळी प्रश्न टाकशील तेव्हा ही चार वाक्यं मराठीत करून सोबत टाक, बघते: 'द बस रन्स एव्हरी आवर.' 'हर सिस्टर रन्स द होल हाउस.' 'वी आर रनिंग शॉर्ट ऑफ टाइम.' आणि 'डोंट लीव्ह द मोटर रनिंग.' शेवटचं करताना अमळनेरचे काका आठव. त्या पत्रकाची पुढची छपाई निघाली तेव्हा मी कंपनीला फोन करून ती ओळ बदलून घेतली, पैसे न घेता. झटका बसलेला माणूस मात्र तिथेच आहे, खाली आता 'पाणी नसताना पंप चालवू नका' एवढंच.